‘रस्ता दाखवा’चं बटण

मोबाइलवर पाठवायच्या लग्नपत्रिका आमच्या कोपऱ्यावरचे दुकानदार करतात. पत्रिकेतलं बटण मात्र चांगलं पुरीएवढं ठेवतात. का, तर “म्हाताऱ्या माणसाचं बोट थरथर कापतंय की.” बोलताना नजर स्क्रीनवरून हलत नाही.

माझ्या मुलीची पत्रिका त्यांनीच केली. ‘रस्ता दाखवा’ हे बटण मी दाबून पाहिलं, नकाशा लगेच उघडला. म्हटलं, “द्या, आजच सगळ्यांना पाठवतो.”

“थांबा की. मी अजून जाऊन आलो न्हाय.”

दुकान माझ्यावर सोडून त्यांनी स्कूटर काढली. मी चरफडत बसलो. पाऊण तासानं ते घामाघूम होऊन परतले.

“जुन्या मंगल कार्यालयावर नेतंय. नाव तेच, पण तितं आता गोदाम हाय. नवं पार होटगी रोडला.”

आख्खं वऱ्हाड गोदामासमोर उभं राहिलं असतं!

नकाशा दुरुस्त करून त्यांनी पुन्हा किल्ली उचलली. या वेळी मीही मागं बसलो. बटणानं आम्हाला थेट कार्यालयाच्या दारात सोडलं.

मुलीचं नाव सांगितल्यावर रखवालदार हसला. “लग्नाच्या अक्षता पुढच्या महिन्यात हाईत की. लई लवकर आलाय!”

“असू द्या,” मी म्हटलं, “पोचलो तर खरं.”