काकूचे मांडे

माझी काकू कॅन्सरने गेली नाही.

तिच्या फोटोखाली "कॅन्सरशी झुंज संपली" लिहिणाऱ्यांनो, ते डिलीट करा.

गाठ चार वर्षांपूर्वीच काढली होती. धुळ्याला स्तनाचं ऑपरेशन झालं, डावी बाजू गेली. रिपोर्ट शेवटपर्यंत क्लीन. या माघात हार्ट अटॅक आला नि गेली.

मधली चार वर्षं तिला फक्त दुखत होतं.

आणि आमचं एरंडोलचं अख्खं घर तिला खोटं पाडत होतं.

ब्लाउजचं कापड घासलं तरी आग व्हायची. काखेपासून कोपरापर्यंत करंट गेल्यासारखं.

काका, म्हणजे आमचे नाना, त्यांचं एकच: "रिपोर्ट क्लीन शे ना? मंग काय दुखस तुनं?"

आमच्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे लागतात. पुरणाची पोळी दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवायची, मग तापल्या खापरावर टाकायची.

ऑपरेशननंतरही ते काम काकूकडेच.

मागच्या अखाजीला ती म्हणाली, "औंदा माले नही जमत."

नाना म्हणाले, "डाक्टरनी बरी करी ना तुले? आते नाटकं कशाले?"

तिने केले. खालचा ओठ दातात धरून, सगळे केले.

नाना खाता खाता म्हणाले, "देखा! काय दुखस हिनं?"

मांडे झाले म्हणजे हात बरा. ही आमच्या घरची तपासणी.

आणि मी?

मी खाटेवर. एका मुलीने नाही म्हटलं म्हणून जळगावचं कॉलेज सेकंड इयरला सोडून आलेला हिरो.

माझं दुखणं मात्र सगळ्यांना पटलं! ना टाका, ना रिपोर्ट, तरी आई ताट खाटेवर आणून द्यायची. "पोराने मनाला लावून घेतलंय."

काकू एकटीच चिडवायची. "तुनं बठ्ठास्ले खरं वाटस रे भाऊ. माले बी शिकाड ना, कसं पडानं ते."

मी हसलो.

काकू, किती दुखतं गं, एवढं विचारलं नाही.

ऑपरेशननंतर नसांचं असं दुखणं राहू शकतं. त्यावर औषधं असतात, व्यायाम असतात. हे मी ती गेल्यावर वाचलं.

मोबाइल तर दिवसभर माझ्याच हातात होता. मी त्या मुलीचा डीपी बघत होतो.

आज अखाजी. गेलेल्यांसाठी घागर भरतात, त्यात काकूच्या नावाची ही पहिली.

सकाळी नाना म्हणाले, "आज तिना हातना मांडा पाहिजे व्हता."

अजून तोच हात पाहिजे यांना!

खापर उचलून आपटावंसं वाटलं. नाही आपटलं. चूल पेटवली नि मीच बसलो.

पहिला मांडा फाटला. दुसरा करपला. तिसऱ्यालाच माझे धडधाकट खांदे भरून आले.

तो वाकडातिकडा मांडा घागरीपाशी ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "नाना, तिले दुखे. खरंच दुखे."

नाना ताटावर बसले नाहीत.

काकू, तुझं दुखणं खरं होतं. सांगायला चार वर्षं लावली मी.

जा आता. हात सैल सोडून जा.