तुलनेचं घर

परळच्या त्या गल्लीत कौसल्याबाई गमरेंच्या तोंडी कुणी लागत नसे. जन्मभर इस्पितळात आयाबाई म्हणून राबलेल्या. पेशंटसाठी मोठ्या डॉक्टरांशीसुद्धा दोन हात करायच्या. निवृत्त होतात न होतात तोच त्यांच्या नवऱ्याला, शामरावांना, अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून शामराव कॉटवर आणि त्यांच्या डोक्यावर सिमेंटचा पत्रा. उन्हाळ्यात पंखा लावला की भट्टीचं तोंड उघडल्यासारखी झळ अंगावर यायची.

त्या वर्षी होळीच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी बॅनर लागला. महापालिका, संशोधक आणि नागरिक मिळून उष्णतेशी लढणार होते. एका संस्थेकडून देविका नावाची मुलगी आली आणि तिने घरोघरी भिंतीवर घरातली उष्णता मोजणारी एकेक डबी बसवली. मग छपरांना ऊन परतवणारा पांढरा रंग लागणार होता. देविका आली की शामरावांची चौकशी करायची, माठातलं पाणी मागून प्यायची. कौसल्याबाईंना पोर बरी वाटली होती.

रंगारी आले. समोरच्या चंपाचं छप्पर एका दुपारीत पांढरंशुभ्र झालं. चंपाशी कौसल्याबाईंचं नळावरून जुनं वैर होतं, तरी त्यांनी रंगाऱ्यांना सरबत दिलं.

"आता आमचं ना?"

"तुमचं नाहीये, मावशी. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात तुमचं घर आलं नाही."

चंपा दारातून म्हणाली, "मावशीला गरम काय होणार? मावशीच केवढी गरम!"

कौसल्याबाईंनी ग्लास उचलले आणि त्या देविकाची वाट पाहत बसल्या. ती आली तेव्हा तिला आत येऊच दिलं नाही.

"आमचं छप्पर का राहिलं?"

"मावशी, सभेत सांगितलं होतं. अर्धी घरं रंगवायची, अर्धी तशीच ठेवायची. तुमचं घर तुलनेसाठी आहे."

"मी सभेला नव्हते. ह्यांना घेऊन इस्पितळात होते."

"रंगाने किती फरक पडतो ते दाखवलं नाही, तर पालिका पुढच्या वर्षी पैसा मंजूर करत नाही. पावसाळ्यानंतर तुमचंही रंगवू."

"पावसाळ्यानंतर? म्हणजे आम्ही शिजायचं आणि तू झाकण उघडून बघायचं, किती शिजले!"

देविकाचा चेहरा पडला. "असं नाही हो, मावशी..."

"मावशी म्हणू नको. चल, नीघ."

मे महिन्यात व्हायचं ते झालं. एका दुपारी शामराव बरळायला लागले. अंग तापलेलं, जीभ कोरडी. मुलगा अजितने टॅक्सी आणली. इस्पितळात बर्फाच्या पिशव्या लावून, सलाइन देऊन त्यांना वाचवलं. जुन्या ओळखीच्या नर्सने विचारलं, "बाई, घरात काही सोय नाही का हो?" कौसल्याबाईंच्या डोळ्यांपुढे भिंतीवरची डबी होती. नवरा मरायला टेकला तेही त्या डबीने मुकाट मोजलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पत्रा तापायच्या आत, त्यांनी बादलीत चुना कालवला, त्यात डिंक घातला आणि शिडी लावली. अजित ओरडला, "आई, पत्रा फुटेल! पडशील!"

"फळी दे वर. बोलू नको."

फळीवर गुडघे टेकून, कुंचा मारत त्यांनी सगळं छप्पर पांढरं केलं. खाली उतरल्या त्या थेट शेजाऱ्याच्या दारात. मग पुढच्या. "तुमचंही घर तुलनेचं आहे. बसा तुलना करत!" चार दिवसांत गल्लीत मळकं छप्पर उरलं नाही. भिंतीवरची डबी त्यांनी उपटली आणि अजितच्या हाती वॉर्ड ऑफिसला धाडली.

तिथून बोलावणं आलं. हवामानाच्या कामावरचे हर्षवर्धन साहेब संतापलेले होते. त्यांच्या शेजारी देविका मान खाली घालून बसलेली.

"बाई, तुमच्या हट्टापायी सगळा हंगाम वाया गेला. आता आकड्यांना अर्थ नाही. पुढच्या वस्त्यांचं काम थांबलं."

"माझा माणूस थांबला असता त्याचं काय?"

"आम्हाला सांगायचं होतंत."

"सांगितलं की. हिला सांगितलं." कौसल्याबाईंनी देविकाकडे बोट केलं.

तेव्हा देविकाने मान वर केली. "छप्पर का राहिलं, एवढंच तुम्ही विचारलंत. घरात आजारी माणूस आहे, आम्हाला यातून वगळ, असं एकदा म्हणाला असतात तर त्याच दिवशी रंगवून दिलं असतं. तुम्ही मला हाकललंत. आणि मग सगळी गल्ली उठवलीत."

"तू रोज त्यांना बघत होतीस. मी म्हणायला कशाला हवं होतं?"

घरी येताना मात्र कौसल्याबाईंना देविकाचं बोलणं सलत राहिलं, आणि त्याचा राग त्यांनी वाटेत भाजीवाल्यावर काढला.

खरा घाव पुढे बसला. त्यांची धाकटी बहीण कालिंदी शीव कोळीवाड्यापलीकडच्या वस्तीत राहायची. तिचा फोन आला. "ताई, पुढचा नंबर आमचा होता. साहेब येऊन सांगून गेला, परळच्या बाईंनी घोळ घातला म्हणून. माझी नातवंडं घामोळ्यांनी रडतायत. बरं झालं ना तुझं?" कालिंदीने फोन आपटला, तो वर्षभर उचलला नाही.

पुढल्या उन्हाळ्यात काम पुन्हा सुरू झालं. आता पद्धत बदलली होती. आधी सगळ्या घरांत उष्णता मोजायची, मग सगळीच छपरं रंगवायची. कालिंदीची वस्ती पांढरी झाली. कौसल्याबाईंची गल्ली मात्र यादीत नव्हती. सहकार्य न करणारी वस्ती, असा शेरा बसला होता. पावसाने चुना केव्हाच धुऊन नेला होता. चंपासारख्या चिठ्ठीतल्या घरांचा रंग तेवढा टिकून होता.

देविका मात्र एकदा आली, एकटीच. "मावशी, पद्धत बदलली. तेच तुम्हाला सांगायला मी आले. आणि काकांना बघायला."

कौसल्याबाई दारातून हलल्या नाहीत. "सांगितलंस ना? झालं."

"काका कसे आहेत?"

"आहेत."

देविका पायऱ्या उतरली. आतून शामरावांनी अडखळत विचारलं, "को... कोण गं?"

"कुणी नाही," म्हणत त्यांनी दार लावलं आणि चुन्याची गोणी आणायला अजितला हाक मारली.