त्यांच्या घरी माता, आमच्या घरी विषाणू

मी आयुष्यात बऱ्याच जणींचा हेवा केला आहे. कुणाच्या केसांचा, कुणाच्या नवऱ्याचा, एकीच्या तर नुसत्या पोळ्यांचा. पण सहावीत असताना केलेल्या हेव्याची सर पुढे कशालाच आली नाही. तो हेवा थेट एका देवीचा होता, आणि ती देवी आली होती शेजारच्या क्वार्टरमधल्या एका शेंबड्या मुलाच्या अंगात.

छत्तीसगढ राज्य तेव्हा नवंनवं होतं. भिलाईच्या सेक्टरमध्ये त्यांच्या आणि आमच्या क्वार्टरची भिंत एकच. दोन्ही घरं स्टील प्लांटच्या नोकरीसाठी विदर्भातून आलेली. ते भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातले, आम्ही बौद्ध. दोघांचे वडील एकाच स्कूटरवरून कामाला जायचे. तो मुलगा माझ्याच वर्गात होता. होळीच्या सुमारास वर्गात कांजण्यांची साथ आली आणि पहिला फोड त्याच्या नाकावर उगवला.

त्याच्या आजीनं लगेच जाहीर केलं, माता आली! दाराला कडुनिंबाची डहाळी लागली. घरातली फोडणी बंद झाली. त्याचे वडीलसुद्धा पायांवर पाणी घेतल्याशिवाय आत जाईनात. संध्याकाळी बायका जमून टाळ-मंजिऱ्यांवर जसगीतं, म्हणजे तिकडची मातेची गाणी, म्हणू लागल्या. कालपर्यंत ज्याला आजी "मुडद्या" म्हणायची, त्याला आता "माय" म्हणून हाक मारायची. मी मागच्या अंगणातल्या भिंतीवरून हे सगळं बघत होते. पांढऱ्या चादरीवर लोळत तो हुकूम सोडायचा, की नारळपाणी हजर, दहीभात हजर, बत्तासे हजर. मी चांगली धडधाकट मुलगी भिंतीवर बसलेली असताना देवीनं ह्या मुलाला निवडावं? देवीची नजर नक्कीच अधू असणार.

एका दुपारी त्यानं मला भिंतीवर पाहिलं. मग डोळे फिरवले, मान गरगर घुमवली आणि आजीच्या कानात काही सांगितलं. थोड्याच वेळात आजी आमच्या दारात हात जोडून उभी.

"बाई, माताले तुमच्या पोरीचा तो ठोकळ्याचा गेम पाह्यजे म्हनते."

तो माझा जीव की प्राण होता. मामानं रायपूरहून आणलेला, हातात मावणारा व्हिडिओ गेम. वरून ठोकळे पडायचे, ते खाली नीट रचायचे.

"मी नाई देत! नाटक करून राहिला तो!" मी ओरडले.

"करू दे नाटक," आई म्हणाली. "बिमार पोरगं हाये. दे त्याले."

रात्री जेवताना बाबांनी खुलासा केला, "आपन बिमार पोराले देला, देवीले नाई." तत्त्व वाचलं, गेम गेला. मग पलीकडचं जसगीत थांबलं की भिंतीतून टुकटुक ऐकू यायची. मी तोंडात उशीचं टोक घालून पडायचे.

आणि काही दिवसांतच माझ्या गालावर फोड आला! मी आरशासमोर आनंदानं नाचले. मग केस मोकळे सोडून खाटेवर पडले आणि खोल आवाज काढला, "गेम पाह्यजे."

"कोनाले?" थर्मामीटर झटकत बाबांनी विचारलं.

"माताले."

"आपल्या घरी माता नाई येत, बेटा. विषाणू येते. अन् विषाणूले गेम नाई लागत."

मग माझी नखं कापली गेली, अंगावर गुलाबी लोशन फासलं गेलं आणि टॉवेल वेगळा झाला. स्वयंपाकघरात वरणाला रोजच्यासारखी चरचरीत फोडणी बसली. फोड तेच, खाज तीच. पण तो देवी आणि मी नुसती पेशंट!

आई गेम मागायला गेली, तर आजी म्हणाली, "माताले देलं ते माता जायच्या आंधी कसं काढू, बाई?" बाबांना जा म्हटलं, तर ते म्हणाले, "देवीकडं मागायले मी नाई जात." तिच्या श्रद्धेत आणि यांच्या तत्त्वात माझा गेम अडकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई नळावर असताना मागच्या दारानं आजी आत आली. हातात कडुनिंब आणि पाण्याचा लोटा. पायांवर पाणी घेऊन ती माझ्या खाटेपाशी वाकली.

"माय, तू इथंबी आली? काय पाह्यजे तुले?"

याच क्षणाची मी वाट बघत होते. मी डोळे फिरवले, मान घुमवली, खाट करकरवली. "माया गेम पाह्यजे! अन् बत्तासे!"

दारात बाबा उभे होते. शिफ्ट सुटून आलेले, हेल्मेट काखेत. माझी मान घुमता घुमता अर्ध्यावर थांबली.

"आजी, तिच्यात कोनी नाई," बाबा म्हणाले. "नाटकी हाये ते."

आजी गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठली. "मले का समजत नाई, भाऊ? नाटकी तं मायाबी घरी हाये. काल म्हने, माताले पेन्सिल सेल पाह्यजे. एवढी म्हातारी झाली मी, सेल मांगनारी माता नाई पाह्यली."

"मंग देता कावून?"

"लेकरू आंगभर खाजवून राहिलं. खाज तं माया हातची नाई. हट्ट तरी पुरवते."

बाबा आत आले. हेल्मेट खुंटीला लावलं, आणि मग हसू आवरत म्हणाले, "आना त्याले इकडंच. एका खाटेवर खाजवतीन दोघं."

"दोघी बहिनीच होय," आजी म्हणाली आणि त्या बहिणीला चादरीत गुंडाळून घेऊन आली. सोबत गेम आणि बत्तासे. आळीपाळीनं खेळायचं ठरलं.

गेम हातात येताच मी सगळ्यात मोठा स्कोर पाहिला. तो त्याचा होता. इतक्या महिन्यांत मला कधी जमला नव्हता इतका. मी दात-ओठ खाऊन खेळले, पुन्हा पुन्हा हरले. तो माझ्या वाट्याचा बत्तासा कुरूमकुरूम चावत म्हणाला, "तुया विषाणूले नाई जमत."

आजीनं त्याला पाणी प्यायला घरी नेलं. मी गेम उलटा केला. नखं कापलेली होती, म्हणून चमच्याच्या दांड्यानं मागचं झाकण उघडलं. सेल काढले, पुन्हा बसवले.

तो आला. पडद्यावर नुसता शून्य होता.

"माया स्कोर कुठी गेला?" त्याचा आवाज रडवेला झाला.

यावेळी मी मान घुमवली नाही, डोळेही फिरवले नाहीत. उरलेला बत्तासा तोंडात टाकला आणि सांगितलं, "माता गेली."