पिकअपचा मागचा डोळा

दर अमावास्येला आमच्याकडे गाडी धुऊन तिची पूजा करतात. येळ्ळुरात ज्याच्या दारात चाक आहे, मग ते सायकलचं का असेना, त्याला त्या दिवशी हार चुकत नाही. आमची पिकअप आली तेव्हा मी स्टिअरिंगला आणि चाकांना हळदकुंकू लावलं. मग मागे जाऊन नंबरप्लेटच्या वरच्या बोराएवढ्या कॅमेऱ्यालाही लावलं. तो गाडीचा डोळा, त्याला कसं वगळायचं? यजमान ओरडले, "अगं, डोळ्यात कुंकू घालतंय व्हय कोण?" शेजारीपाजारी पोट धरून हसले. मीही हसले, पण लावायचं काही सोडलं नाही.

यजमान त्या गाडीतून बेळगावच्या आणि निपाणीच्या बाजारात बटाटे आणि भाजी न्यायचे. ड्रायव्हरकी हे त्यांचं पोट होतं आणि मिजासही. काही वर्षांनी त्यांची कुरकुर सुरू झाली. गाडी मागे घेताना कॅमेऱ्यात धड दिसत नाही, सगळं धुरकट, कंपनीने खेळणं बसवून दिलंय. पहिला दोष अर्थातच माझ्यावर आला. "तुझ्या कुंकवानं काच गेली बघ." मला राग आला, तरी मी पूजेतून कॅमेरा वगळला आणि रोज शाळेत शिकवायला निघण्याआधी ओल्या फडक्याने त्याची काच पुसू लागले. फरक पडला नाही. एक दिवस बाजारात गाडी मागे घेताना खांबाला बसली आणि मागचं फळकं वाकलं.

मग आम्ही बेळगावात गाड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. दुकानदाराने बरंच काही समजावलं. कंपनीचा कॅमेरा हलकाच असतो, चांगला एचडी घ्या, अंधारातही दिसेल. तेवढ्याने भागलं नाही तर वायर बदलू, पाणी शिरलं की चित्र बिघडतं. तरी नाही जमलं तर स्क्रीन मोठा बसवू. यजमानांनी कॅमेरा बदलला. थोडे दिवस ते खुशीत होते, मग म्हणाले, "आधीचाच बरा हुता." वायर बदलली. शेवटी पाटीएवढा स्क्रीन आला. आमचं जाणं इतकं वाढलं की दुकानदार न विचारता चहा सांगायचा. मी म्हटलं, "आता गाडी विका आणि नुसते कॅमेरेच घेऊन फिरा." ते हसले नाहीत.

मी त्या गाडीत क्वचितच बसायचे. एका रविवारी निपाणीला नणंदेकडे पलंग पोचवायचा होता, म्हणून गेले. तिचं घर बोळात आहे, गाडी उलटीच न्यावी लागते. यजमान स्क्रीनला नाक टेकेल इतके वाकून गाडी मागे घेत होते. मी पहिल्यांदाच त्या स्क्रीनकडे नीट पाहिलं. चित्र लख्ख होतं. तुळशीवृंदावन, त्याच्यापुढची रांगोळी, रांगोळीचे ठिपकेसुद्धा वेगवेगळे दिसत होते. आणि गाडी सरळ त्याच्यावर चालली होती.

"अहो, तुळस!" मी किंचाळले.

त्यांनी ब्रेक दाबला. "कुठं हाय?"

मी स्क्रीनवर बोट ठेवलं. ते माझ्या बोटाकडेच बघत राहिले. मग खाली उतरले, मागे गेले आणि हाताने वृंदावन चाचपून आले. नणंदेकडे चहा झाला, गप्पा झाल्या.

परतताना काकतीजवळ त्यांनी गाडी कडेला घेतली. "म्होरचं बी तसंच दिसतंय गं," ते म्हणाले. "लई दिवस झालं. रस्ता पाठ हाय म्हणून चालीवतोय."

"मग हे कॅमेरे कशाला बदलत बसलात?"

"वाटायचं, कॅमेराच खराब आसल. आसला तर बरं हुईल."

मला त्यांच्यावर भडकायचं होतं. इतकी पोरंबाळं रस्त्यावर असतात, काही झालं असतं म्हणजे? पण मला नुसतं रडू आलं. घरापर्यंत मी समोर बघत सांगत राहिले, डावीकडे सायकल, पुढे म्हैस, आणि ते ऐकत हळूहळू गाडी चालवत राहिले.

दवाखान्यात कळलं, रक्तातल्या साखरेने डोळ्याचा पडदा गेला होता. डॉक्टरांनी लेसर केलं, म्हणजे उरलेलं टिकेल, गेलेलं परत येणार नाही. गाडी चालवायची नाही, हे त्यांनी मराठीत सांगितलं आणि मग कन्नडमध्येही सांगितलं. यजमानांनी दोन्ही वेळा मान हलवली.

गाडी गुंजीच्या एका तरुण शेतकऱ्याने घेतली. न्यायला आला त्या सकाळी यजमानांनी स्वतः ती धुतली होती. त्याने आत बसून रिव्हर्स टाकला. आमच्या अंगणातून गाडी काढायची म्हणजे कोणीतरी मागे उभं राहून सांगावं लागतं, म्हणून सवयीने यजमान मागे जाऊन उभे राहिले आणि हात हलवू लागले, "येऊ दे, येऊ दे."

तो आतून म्हणाला, "राहू द्या अण्णा, कॅमेरा झकास बसवलाय तुम्ही. एकदम क्लिअर दिसतंय."

यजमानांचा हात तसाच वर राहिला. "मी दिसतोय व्हय त्यात?"

"दिसताय की. शर्टाची गुंडी तुटलीय, ती बी दिसतीया."

"चांगलं झालं," ते म्हणाले आणि भिंत चाचपत बाजूला झाले.