तांबड्या मातीतला ठसा

तांबड्या मातीच्या कोर्टावर पाणी मारलं की जो वास सुटतो, त्यानं माझे तळपाय अजून ठणकतात. नांदेडच्या त्या टेनिस स्पर्धेत भर वैशाखात माझ्या पायांना फोड आले होते. शेजारच्या कोर्टावर पुरुषांचा सामना रंगला होता. समोरच्या मुलीला जिंकायला एकच गुण हवा होता, तेवढ्यात माझा फटका रेषेपाशी पडला, "आउट" ऐकू आलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. लातूरहून सोबत आलेले बाबा तारेच्या जाळीबाहेरून म्हणाले, "ठसा बघायला लाव. आतच हाय चेंडू, मी बघायलोय." मातीतला ठसा तपासायची मागणी खेळाडूनंच करायची असते. बाबांची बोटं जाळीत रुतली होती. मी हात वर केला. पंच खुर्चीवरून उतरले, वाकले. ठसा रेषेला चिकटलेला होता, म्हणजे चेंडू आत. खेळ पुन्हा सुरू झाला, तो तासभर संपला नाही. काल त्याच कोर्टावर माझ्या लेकीचा चेंडू बाहेर दिला, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची सुटका मी ओळखली. मी तोंडातून शब्द काढला नाही. तिनं जाळीत अडकलेल्या माझ्या बोटांकडे पाहिलं आणि हात वर केला.