दोन जागांचं कॅनबेरा

अविनाशला रजा मिळेना, म्हणून त्याच्या जागी मी निघाले. माझा हा मुलगा हवाई दलात कॅनबेरा विमान चालवतो. गेल्या डिसेंबरात, एकाहत्तरच्या लढाईत, त्याला वाट दाखवायला नॅव्हिगेटर म्हणून दत्तू होता. दत्तूच्या गावी, चैत्रातल्या जत्रेत, त्याची मिरवणूक ठरली होती. बोलावणं दोघांनाही होतं.

पुण्याहून सकाळची एस.टी. धरा. नारायणगावला चहा-भजी चांगली मिळतात. संगमनेरला गाडी बदलून अकोले, तिथून राजूर. पुढच्या बाकावर बसा. मागे हाडं खिळखिळी होतात. राजूरचे पेढे मात्र विसरू नका. तिथून भंडारदऱ्याच्या वाटेवर दत्तूचं गाव. डोंगर इतके जवळ येतात की बोलणं आपोआप हळू होतं.

देवळापुढे बैलगाडीवर बांबू आणि पत्र्याचं चंदेरी विमान उभं होतं. दत्तू मात्र चढेना.

"चढ की रं, बैलं खोळंबलीत," ते बनवणारे सुतार नाना म्हणाले.

"नाना, ह्यात एकच जागा हाय. हे नॅट झालं. आमच्यात दोघं असत्यात."

"पेपरातल्या फोटूत एकच हुता. इमान ते इमान."

"एकटा न्हाई बसणार मी. लोकांना वाटंल, मीच उडवलं."

"पाच गावचं पाव्हणं आल्यात," त्याचे वडील दातओठ खात म्हणाले. "हसं करतो व्हय आमचं?"

मग सगळे माझ्याकडे वळले. मुलाच्या पत्रांतून शिकलेलं मी सांगितलं. नॅट लहान आणि चपळ, शत्रूच्या विमानांशी झुंजायला. हंटर खाली येऊन रणगाड्यांवर तुटून पडतं. कॅनबेरा मोठं, रात्री दूरवर जाऊन बॉम्ब टाकतं. पायलट वर बसतो. नॅव्हिगेटर खाली, नाकाकडे, नकाशा घेऊन.

"म्हंजी गाडीवान आन् वाट दावणारा," नाना म्हणाले आणि त्यांनी करवत उचलली. "आधी सांगाया काय झालं हुतं?"

पुढे फळी बसली. दत्तू तिच्यावर बसला. वरची जागा रिकामी.

"तितं पायलटाची आई बसंल," दत्तूची आई म्हणाली. माझं वय, माझी कॉटनची साडी, कुणी काही ऐकलं नाही. चार बायकांनी मला चढवलं.

ढोल वाजू लागले. गाडी हलली तसा खालून दत्तूचा आवाज आला, "काकू, थोडं डावीकडं. आता सरळ. बरोबर चाललंय."

"अविला असंच सांगतोस?"

"असंच. पण तो मधेच गाणं म्हणतो. गप बस म्हणावं लागतं."

डिसेंबरात खिडक्यांना काळा कागद लावून मी बसायचे, तेव्हा डोळ्यांपुढे एकच चित्र असायचं: काळं आभाळ आणि त्यात एकटा अविनाश. कुणी त्याला गप बस म्हणत असेल, हे मनातही आलं नव्हतं.

घरी परतून आठवडा झाला. पेढे संपले, कंबर अजून दुखते. रात्री लोहगावच्या विमानतळाकडून विमानाचा आवाज आला की मी पूर्वीसारखी उठून बसत नाही. वर दोघं आहेत, म्हणते, आणि कूस बदलते.