दोन चमचे पाणी

ऐंशीच्या दशकात घाटकोपरच्या एका मंडळाच्या अ‍ॅम्ब्युलन्सवर मी सात-आठ वर्षं काढली. गाडीवर ड्रायव्हर आणि मी, बस्स. काम बहुतेक हमालीचंच. पेशंटला उचलून खाली आणायचं, गाडीत घालायचं, भोंगा वाजवत निघायचं. मग एका भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आठवडाभर बसवून शिकवलं. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबायची, मान मागे करायची, जबडा पुढे उचलायचा, तोंड साफ करून रबरी पिशवीनं वारा भरायचा. "घसाच तुंबलेला असेल तर पिशवी दाबून काय होणार?" असं त्या दहादा म्हणायच्या. त्यासाठी गाडीत पायानं दाबायचा एक पंप होता. घशातलं पाणी, ओकारी तो ओढून काढायचा. पण मेला भलताच जड होता.

एका दुपारी डोंगरावरच्या चाळीतून बोलावणं आलं. गाडी खालीच लावावी लागे, वर नुसत्या पायऱ्या. ड्रायव्हर म्हणाला, "पंप?" मी म्हटलं, "राहू दे ना यार, कोण ती धोंड वाहणार!"

खोलीत साठीचे एक गृहस्थ जमिनीवर निपचित पडले होते. डोक्याखाली मायेनं तीन उशा घातलेल्या, त्यामुळे हनुवटी छातीला टेकलेली. उशा भिरकावल्या, मान मागे केली. ड्रायव्हर छाती दाबायला बसला. मी पिशवी दाबली तर घशातून नुसती गुळगुळ. छाती काही वर येईना. चेहरा एका बाजूला वळवला तसं पाणी आलं, पाठोपाठ जेवण. बोटाला फडकं गुंडाळून काढत राहिलो, पण आत आणखी होतंच.

"पाणी कुणी घातलं?" मी ओरडलो.

त्यांची बायको भिंतीला टेकून उभी होती, हातात तुळशीपत्राची वाटी तशीच. "आचके देऊक लागले, म्हणान दोन चमचे घातलंय," ती म्हणाली. गावाकडची रीतच ती. जाणाऱ्याचं तोंड कोरडं राहू नये.

"मारलंत तुम्ही त्यांना!"

हे मी बोललो. त्यांचा तरणाताठा मुलगा दारातच उभा होता, त्यानं ते ऐकलं. ड्रायव्हर पंप आणायला खाली धावला. तो वर येईपर्यंत मी एकटाच कधी छाती दाबत होतो, कधी घसा साफ करत होतो. पंप लावल्यावर घसा लगेच मोकळा झाला, छाती वर आली. पण माणूस काही परत आला नाही. हॉस्पिटलात डॉक्टरांनी नाडी पाहून मान हलवली.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. पंपाचं सोडून. त्या म्हणाल्या, "आचके येत होते म्हणजे हृदय आधीच थांबलेलं. पाणी नसतं घातलं तरी ओकारी आलीच असती. म्हणून तर पंप दिलाय. किती वेळात लावलास?"

मी पायऱ्या किती होत्या ते सांगू लागलो. त्या समजल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पंप हाताशी असता तर ते वाचले असते का, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

स्वतःचीच अशी चीड आली होती की जेवण जाईना. माझी चूक मी त्या बाईच्या माथी मारून मोकळा झालो होतो. त्या गृहस्थांचं बारावं झाल्यावर, हिंमत खचायच्या आत, मी त्या पायऱ्या चढलो. त्या बाई एकट्याच तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी हात जोडले आणि पंप खाली ठेवल्याचं एका दमात सांगून टाकलं. "काकी, तुमच्या पाण्यानं काही झालं नाही. चूक माझी होती."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"माका काय सांगतंस?" त्या म्हणाल्या. "झिलाक सांग. त्या दिवसापासून तो माझ्या हातचा पाणी पिणा नाय."

मुलगा कंपनीतून येईपर्यंत मी तिथेच बसून राहिलो. तो आला, चपला काढल्या, मला ओळखलं. मी पुन्हा सगळं सांगितलं. त्यानं माझी गचांडी धरली, मग सोडली. "चालता हो," एवढंच म्हणाला.

मी पायऱ्या उतरलो. वर दार लागल्याचा आवाज आला. आत त्यानं आईकडे पाणी मागितलं की नाही, ते मला आजही माहीत नाही.